जॅक बेनीला दोन ओळीत गुंडाळू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत जुन्या अमेरिकन विनोदवीरांवर मोठा लेख आलाय, वाचला, आवडलासुद्धा. चॅप्लिन आहे, कीटन आहे, लॉरेल-हार्डी आहेत, फोटो पण झकास. फक्त मूकपट संपले की लेख जो उडी मारतो तो थेट टीव्हीवरच जाऊन पडतो, मधली वीस-पंचवीस वर्षं गायब. रेडिओ नावाची काही चीज होती, रविवारी संध्याकाळी सात वाजता घरोघरी लोक त्याच्याभोवती बसून हसायचे, याचा पत्ताच नाही. आणि त्या सातच्या वेळेचा जो राजा होता, जॅक बेनी, त्याला जागा किती? दोन ओळी. 'कंजूषपणाच्या विनोदांसाठी प्रसिद्ध, पुढे टीव्हीवरही आला.' वर फोटोखाली 'व्हायोलिन वाजवता न येणारा विनोदवीर' असं छापलंय. म्हणून म्हटलं लिहूनच टाकू. पत्र जरा लांबतंय, पाहिजे तिथे कात्री लावा.

लेख वाचून असं वाटतं की बेनी कंजूषपणाचे जोक सांगायचा. अहो, रेडिओवर नाव झाल्यावर तो जोक फारसे सांगायचाच नाही. जोक मारायचे बाकीचे सगळे, आणि मारायचे त्याच्यावर. नोकर मारायचा, बँडवाला मारायचा, दुकानातला सेल्समन मारायचा, खरी बायको कार्यक्रमात मैत्रीण बनून यायची ती तर सगळ्यात जास्त मारायची. कार्यक्रम त्याच्या नावाचा, स्क्रिप्टचं प्रत्येक पान तो स्वतः तासून घ्यायचा, आणि हशा मात्र दुसऱ्यांच्या पदरात टाकायचा. कुठला स्टार असं करतो सांगा बरं? हे त्याला कुठून सुचलं ते बघायचं तर व्हॉडव्हिलपासून सुरुवात करावी लागते, आणि तो शब्द लेखात एकदा येतो आणि काही न सांगता निघून जातो.

व्हॉडव्हिल म्हणजे एका तिकिटात आठ-नऊ आयटम. गोष्ट वगैरे काही नाही, एक चेंडू उडवणारा येणार, मग गाणारी जोडी, मग शिकवलेली कुत्री, कसरतवाले, एखादा छोटा नाटकाचा प्रवेश, मध्ये कुठेतरी विनोदवीर, प्रत्येकाला दहा-पंधरा मिनिटं. बायकापोरांना घेऊन येता यावं म्हणून अचकट-विचकट बोलायला बंदी. थिएटरांच्या मोठमोठ्या साखळ्या होत्या, पूर्वेला कीथ-अल्बी, पश्चिमेला ऑर्फियम, आणि तिथलं बुकिंग मिळालं की कलाकार बॅग उचलून ट्रेनने गावोगाव फिरायचा. यातली मेख अशी की रोज नवीन गाव असल्यामुळे तीच पंधरा मिनिटं वर्षानुवर्षं चालायची. लोकांनी एकेक आयटम दहा-दहा वर्षं घासून गुळगुळीत केले, कुठल्या शब्दावर किती थांबायचं, मान कुठे वळवायची, सगळं अंगात भिनलेलं. हे लक्षात ठेवा, रेडिओ आल्यावर याच लोकांची वाट याच कारणाने लागली.

बेनीचं खरं नाव बेंजामिन कुबेल्स्की, जन्म १४ फेब्रुवारी १८९४, शिकागोत, पण वाढला जवळच्या वॉकीगन गावात. आईवडील पूर्व युरोपातून आलेले ज्यू, वडिलांचा आधी दारूचा गुत्ता होता आणि नंतर कपड्यांचं दुकान. पोराने मोठा व्हायोलिनवादक व्हावं ही घरच्यांची फार इच्छा, सहाव्या वर्षी हातात व्हायोलिन दिलं. शाळेत दिवे लागले नाहीत, शाळेने काढून टाकलं, तेव्हा गावातल्याच बॅरिसन थिएटरच्या वाद्यवृंदात आठवड्याला साडेसात डॉलरवर वाजवायला लागला. १९११ साली तिथे मार्क्स ब्रदर्स या विनोदी भावांच्या टोळीचा खेळ आला, त्यांच्या आईला हा पोरगा आवडला, म्हणाली चल आमच्याबरोबर. घरच्यांनी साफ नाही म्हटलं. मार्क्स बंधूंशी दोस्ती मात्र तिथून जमली ती कायमची, पुढे बायको भेटली तीसुद्धा झेपो मार्क्सबरोबर एका घरी सणाच्या जेवणाला गेला होता तिथे.

दुसऱ्याच वर्षी कोरा सॅलिसबरी नावाच्या पियानोवालीबरोबर जोडी करून तो गावाबाहेर पडलाच. तर यान कुबेलिक म्हणून प्रसिद्ध व्हायोलिनवादक होता, त्याच्याकडून तक्रार आली की नाव फार सारखं आहे, बदला. झाला बेन के. बेनी. पुढे काही वर्षांनी बेन बर्नी नावाचा दुसरा व्हायोलिनवाला विनोदवीर कुरकुर करायला लागला, की झाला जॅक बेनी. दोन वेळा नाव बदललं आणि दोन्ही वेळा दुसऱ्याच्या व्हायोलिनपायी!

पहिल्या महायुद्धात तो नेव्हीत होता, ग्रेट लेक्सच्या तळावर, तिथला किस्सा सांगतात तो असा. खलाशांसमोर व्हायोलिनवर काहीतरी भावपूर्ण वाजवायला उभा राहिला आणि पोरांनी हुर्यो उडवली. तेव्हा पॅट ओ'ब्रायन, जो पुढे सिनेमातला मोठा नट झाला, त्याने येऊन कानात सांगितलं की बाबा रे ते खाली ठेव आणि काहीतरी बोल. हा बोलला, पोरं हसली. तोपर्यंत स्टेजवर वाजवणं हेच मुख्य काम होतं, आता हळूहळू व्हायोलिन नुसतं हातात राहिलं आणि बोलणं वाढत गेलं. वाजवायला घेतोय घेतोय असं करत लोकांकडे बघत उभं राहायचं, काही न बोलता, आणि लोक का हसतायत ते आपल्याला कळतच नाहीये असा चेहरा करायचा. एवढ्या भांडवलावर १९२० च्या दशकात तो न्यूयॉर्कच्या पॅलेस थिएटरपर्यंत पोचला, आणि व्हॉडव्हिलवाल्याला त्याच्या वर जायला जागाच नव्हती. १९२९ साली एमजीएमच्या एका बोलपटात सूत्रधार म्हणून पण चमकला. सगळं ठीक चाललेलं. पण बोलपट आणि मंदी मिळून व्हॉडव्हिलचा गळा आवळत आणले होते, १९३२ च्या शेवटी शेवटी तर खुद्द पॅलेसमध्ये नुसते सिनेमे दाखवायला लागले.

त्याच वर्षी मार्चमध्ये बेनी पहिल्यांदा रेडिओवर बोलला, एड सलिव्हनच्या कार्यक्रमात पाहुणा म्हणून. पहिलंच वाक्य असं की मी जॅक बेनी बोलतोय, आता थोडा वेळ थांबतो म्हणजे तुम्हाला 'कोणाला पडलंय?' असं म्हणून घेता येईल. बघा, ओळख करून देतानाच स्वतःची टोपी स्वतः उडवली. २ मे १९३२ पासून त्याचा स्वतःचा कार्यक्रम सुरू झाला, एनबीसी या रेडिओ कंपनीवर, कॅनडा ड्राय सरबतवाल्यांच्या पैशावर.

आणि आता ती मेख. रेडिओवर तुमची ती दहा वर्षं घासलेली पंधरा मिनिटं एका रात्रीत संपतात. एकाच वेळी सगळ्या देशाने ऐकलं की खेळ खल्लास, पुढच्या आठवड्याला नवीन माल आणा. भले भले यात गारद झाले. एड विन रेडिओवर सुद्धा विदूषकाचे कपडे आणि मेकअप करून यायचा, स्टुडिओतली माणसं खो खो हसायची आणि घरी रेडिओसमोर बसलेला माणूस विचार करायचा की हे कशाला हसतायत. जो पेनरने 'बदक घेता का बदक' एवढ्या एका वाक्यावर १९३३-३४ ला धमाल उडवली, लहान पोरं ते बोलत फिरायची, दोन-चार वर्षांत लोकांना त्याचा कंटाळा आला, १९४१ साली गेला बिचारा, छत्तिशीत. बेनीने जोकांचा नाद सोडून माणूस बांधायला घेतला, तो स्वतः आणि त्याचे लेखक, आधी हॅरी कॉन, मग मॉरो आणि बेलॉइन, मग पेरिन, जोसेफ्सबर्ग, बाल्झर, टॅकबेरी ही चौकडी. एकदा माणूस लोकांच्या डोक्यात पक्का बसला की त्याच्या तोंडी नुसतं 'बिल किती झालं?' घातलं तरी हशा.

आणि माणूस तरी कसा बांधला! पक्का कवडीचुंबक, घराच्या तळघरात तिजोरी, तिच्यावर कित्येक वर्षं उजेड न बघितलेला पहारेकरी. वय विचारलं की एकोणचाळीस, दर वर्षी एकोणचाळीस. व्हायोलिन वाजवतो ते कानाला टोचणारं, आणि स्वतःला मात्र मोठा वादक समजतो. गाडी म्हणजे जुनी मॅक्सवेल, तिचा खोकला, उचकी, दम लागणं हे सगळं मेल ब्लँक तोंडाने काढायचा, तोच जो बग्ज बनीचा आवाज. या ब्लँकची पण गंमत आहे, सुरुवातीला त्याला घेतला तो तिजोरीवरच्या अस्वलाचं गुरगुरणं काढायला, महिनोनमहिने नुसतं गुरगुरतोय, शेवटी म्हणे तो बेनीला म्हणाला, साहेब मला बोलता पण येतं हो. मग काय, पोपट तोच, वैतागलेला व्हायोलिन मास्तर तोच, स्टेशनवर गाड्या पुकारणारा तोच. फ्रँक नेल्सन नावाचा दुसरा नट दर वेळी कुठल्या ना कुठल्या काउंटरमागे उभा, कधी कारकून, कधी फ्लोअर मॅनेजर, बेनीने 'अहो मिस्टर' म्हटलं की मागे वळून असं काही लांबलचक 'येऽऽऽस?' म्हणायचा की पुढचं भांडण त्यातच ठरून जायचं.

बेनीचा हिशोब सरळ होता. हशा कोणाच्याही वाक्याला येऊ दे, सोमवारी सकाळी लोक 'काल बेनीचा कार्यक्रम भारी झाला' असंच म्हणणार. आपल्याकडे कोणी जोरात वाजलं की वाक्यं कापणारे लोक पाहिलेत आपण सगळ्यांनी, नावं नको. इथे उलट, समोरच्याच्या वाक्याला जितका हशा जास्त तितका याचा अपमान मोठा, आणि अपमान झाला की हा गप्प बसणार, आणि तो गप्प बसला की दुसरा हशा. म्हणजे एका वाक्यात दोन हशे वसूल. आता यात कंजूष कोण ते तुम्हीच ठरवा!

ते गप्प बसणं रेडिओवर. इथे जरा थांबतो, कारण हेच मला सगळ्यात भारी वाटतं. रेडिओवर शांतता म्हणजे मशीन बंद पडलं असं लोकांना वाटण्याची भीती, सगळे जण भराभरा बोलून ती भरून काढायचे, आणि हा गडी मुद्दाम ती पसरवायचा. २८ मार्च १९४८ चा भाग मिळवून ऐका. शेजारी रोनाल्ड कोलमन राहतो असं कार्यक्रमात दाखवायचे, त्याला खरोखरच आठवड्याभरापूर्वी ऑस्कर मिळालेलं, ते बेनी जरा दाखवायला म्हणून मागून आणतो आणि घरी चालत येतोय. रस्त्यात चोर गाठतो. म्हणतो, पैसे दे नाहीतर जीव दे. आणि शांतता. काही नाही, नुसती शांतता, त्यात लोक हसायला लागतात, मग चोर पुन्हा ओरडतो, अरे ऐकलं ना, पैसे की जीव? आणि बेनी चिडून म्हणतो, 'विचार करतोय!' कागदावर लिहिलं तर यात काय आहे सांगा. पण सोळा वर्षं त्या माणसाचा कंजूषपणा लोकांनी दर रविवारी ऐकलेला, त्यामुळे त्या रिकाम्या सेकंदांत श्रोत्याच्या डोक्यात तो खरंच विचार करत उभा दिसतो. हे वाक्य कसं सुचलं ते पण ऐकण्यासारखं आहे. दोन लेखक बसलेले, जोसेफ्सबर्ग म्हणाला चोर असं असं म्हणतो, बेनी काय म्हणेल? टॅकबेरी सोफ्यावर आडवा, बोलेचना. हा वैतागून म्हणाला, अरे काहीतरी बोल की, तर तो ओरडला, विचार करतोय! झालं काम.

बरेच जण सांगतात की हा रेडिओच्या इतिहासातला सगळ्यात लांब हशा. ते काही खरं नाही, ऐकून बघा, ठीकठाक लांबीचा आहे. माझ्या मते त्यापेक्षा कितीतरी मोठी मजा ८ जानेवारी १९५० च्या भागात आहे आणि ती ठरवून केलेली पण नव्हती. निवेदक डॉन विल्सनला सुरुवातीला ड्रू पीअरसन या पत्रकाराचं नाव घ्यायचं होतं, बिचाऱ्याची जीभ घसरली आणि तो 'ड्रीर पूसन' म्हणून गेला. कार्यक्रम लाइव्ह. झालं गेलं, पुढे गेले. पण लेखकांनी कार्यक्रम चालू असतानाच फ्रँक नेल्सनला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं आणि बेनीला पत्ता लागू दिला नाही. शेवटच्या भागात बेनी विचारतो, माफ करा, तुम्ही इथले दरवान का? आणि नेल्सन म्हणतो, मग तुम्हाला मी कोण वाटलो, ड्रीर पूसन? बेनी जो हसत सुटलाय, शब्द फुटेना. आता हे बघा, लेखकांनी मालकाला अंधारात ठेवून लाइव्ह कार्यक्रमात वाक्य बदलायची हिंमत केली, म्हणजे त्या टीमला मालकाची किती खात्री असेल.

रॉचेस्टर, म्हणजे कार्यक्रमातला तो नोकर, त्याच्याबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. एडी अँडरसन, कृष्णवर्णीय नट, तो पण व्हॉडव्हिलमधूनच आलेला, लहानपणी पेपर विकताना ओरडून ओरडून आवाज कायमचा घोगरा झाला असं सांगायचे आणि त्या आवाजावरच तो पुढे राज्य करून गेला. १९३७ च्या मार्चमध्ये ट्रेनमधला पोर्टर म्हणून फक्त एका भागापुरता आणलेला, लोकांना इतका आवडला की घरगडी म्हणून कायमचा ठेवला. देशभर जाणाऱ्या रेडिओ कार्यक्रमात कायमची भूमिका मिळालेला तो पहिला कृष्णवर्णीय कलाकार. आता खरं सांगायचं तर सुरुवातीच्या भागातले त्याच्या तोंडचे फाशांचे, जिनचे, वस्तऱ्याचे विनोद आज ऐकवत नाहीत, त्या काळात गोऱ्यांच्या डोक्यात काळ्या माणसाचं जे साचेबंद चित्र होतं तेच होते ते, बेनी त्यातून सुटला नव्हता. पण दुसऱ्या महायुद्धानंतर ते प्रकार त्याने बंद केले, आणि एक गोष्ट पहिल्यापासून होती की घरात हुशार रॉचेस्टरच. मालकाला तोंडावर सुनावतोय, मालक निरुत्तर, आणि १९४० च्या अमेरिकेत गोरा श्रोता हसतोय तो मालकाला. पैसा पण चांगला मिळवला अँडरसनने, स्वतःचे रेसचे घोडे होते, त्यातला एक १९४३ ची केंटकी डर्बी धावला. शेवटचा आला ते सोडा.

फ्रेड अॅलनचं भांडण तर पेपरवाल्यांना फार आवडेल. अॅलन पण व्हॉडव्हिलवाला, मूळचा चेंडू उडवणारा, आणि बेनीचा जुना मित्र. ३० डिसेंबर १९३६ ला त्याच्या कार्यक्रमात स्टुअर्ट कॅनिन नावाच्या दहा वर्षांच्या पोराने व्हायोलिनवर 'द बी' म्हणून अवघड तुकडा झकास वाजवला, आणि अॅलन जाता जाता म्हणाला की हे ऐकून जॅक बेनीला लाज वाटली पाहिजे. पुढच्या कार्यक्रमात बेनीने उत्तर दिलं, मग त्याने, मग याने, ठरवलेलं काही नव्हतं, पण मार्च १९३७ मध्ये न्यूयॉर्कच्या पिएर हॉटेलमध्ये दोघं 'समोरासमोर' आले तेव्हा ती कुस्ती ऐकायला देश जमला होता. ही खोटी मारामारी अॅलन १९५६ ला जाईपर्यंत चालली. अॅलन आयत्या वेळी बोलण्यात बाप माणूस, तो इतकं झोडपायचा की एकदा बेनी म्हणाला, 'माझे लेखक इथे असते ना, तर तुझी असं बोलायची हिंमत झाली नसती!' पुन्हा तेच बघा, वार परतवला नाही, स्वतःवरच घेतला, आणि जिंकला कोण?

जाहिराती. तेव्हा कार्यक्रम चालायचे ते एका कंपनीच्या पैशावर, कॅनडा ड्राय, शेवरोले, जेल-ओ, ग्रेपनट्स आणि मग लकी स्ट्राइक सिगारेट. जाहिरात म्हणजे पवित्र मंत्र अशी कंपन्यांची समजूत, बेनीने ती पण खेळात ओढली. कॅनडा ड्रायवाले फार नाराज होते म्हणे, जेल-ओवाल्यांना मात्र १९३४ पासून आठ वर्षं ते पचलं आणि माल धो धो खपला. आणि १९४८ च्या शेवटी जो बॉम्ब पडला तो याहून मोठा. सीबीएस या दुसऱ्या रेडिओ कंपनीच्या विल्यम पेलीने बेनीला एनबीसीकडून पळवला. युक्ती टॅक्सची होती, पगार म्हणून घेतलं की सरकार बहुतेक सगळं नेणार, पण कार्यक्रमाची कंपनी करून ती विकली की नफ्यावर टॅक्स २५ टक्के. २ जानेवारी १९४९ पासून बेनी सीबीएसवर, पाठोपाठ जॉर्ज बर्न्स आणि ग्रेसी अॅलन ही जोडी, एडगर बर्गन, रेड स्केल्टन असे एकेक जण आले, आणि टीव्हीच्या तोंडावर सीबीएस जी वर गेली ती त्यामुळे. कंजूष माणूस पैशापायी गेला असं एनबीसीवाले म्हणत असतील, पण इतकी वर्षं काम करून एनबीसीच्या बड्या साहेबाने, सार्नॉफने, त्याला कधी भेटायला पण बोलावलं नव्हतं अशी बोलवा आहे.

सिनेमात मात्र गडी फारसा जमला नाही, एक सोडून. १९४५ चा 'द हॉर्न ब्लोज अॅट मिडनाइट' पडला तर पुढची वीस वर्षं त्यावर स्वतःच विनोद करून पैसे वसूल केले. जो जमला तो १९४२ चा दिग्दर्शक लुबिचचा 'टु बी ऑर नॉट टु बी'. नाझींनी घेतलेल्या वॉर्साॅतली एक नाटक कंपनी, आणि तिचा स्वतःवर भयंकर खूश असलेला मुख्य नट म्हणजे बेनी, हा हॅम्लेटचं स्वगत सुरू करतो आणि दर प्रयोगाला प्रेक्षकातला एक तरुण उठून चालायला लागतो. इतकी वर्षं व्हायोलिनवर जी घमेंड दाखवली तीच इथे अभिनयावर. तेव्हा टीकाकार फार चिडले होते, वॉर्साॅ जळतंय आणि तुम्ही हसताय काय म्हणून, शिवाय नायिका कॅरोल लोम्बार्ड सिनेमा लागायच्या आधीच, १६ जानेवारीला विमान अपघातात गेली. त्या रविवारी बेनीने विनोद केला नाही, नुसतं संगीत लावलं. त्याचे वडील हा सिनेमा बघायला गेले आणि पोराला नाझी गणवेशात बघून पहिल्याच सीनला उठून निघाले, पोलंडमधून आलेला म्हातारा माणूस, त्याला काय वाटलं असेल. बेनीने समजावून सांगितलं की बाबा मी त्यांच्या विरुद्ध आहे त्यात, शेवटपर्यंत बघा. मग पुन्हा गेले, आणि मग जातच राहिले. आपल्याकडे २००८ ला 'मान गए मुगल-ए-आज़म' आला तो याच गोष्टीवरून उचललेला, पण तो बघून मूळ सिनेमाबद्दल मत बनवू नका एवढी विनंती.

टीव्हीबद्दल लेखात आलंय म्हणून जास्त लिहीत नाही, १९५० ते १९६५. गालावर हात ठेवून प्रेक्षकांकडे बघणं लोकांना दिसलं तेव्हा, पण ती वेळ साधणं रेडिओवर पक्कं झालं होतं, चेहरा नंतर आला.

राहता राहिलं फोटोखालचं. बेनीला व्हायोलिन वाजवता येत होतं. बेसूर वाजवायचं तर सूर कुठे आहे ते आधी माहीत लागतं, आणि दर वेळी नेमकं तेवढंच खाली वाजवायला हातात तयारी लागते. साठीनंतर तर तो रोज रियाज करायचा. आयझॅक स्टर्नसारख्या वादकाशी दोस्ती होती, १९५६ पासून मोठमोठ्या सिम्फनी ऑर्केस्ट्रांबरोबर कार्यक्रम केले, कार्नेगी हॉलमध्ये केला, आणि ते सगळे मदतीसाठी, वादकांच्या पेन्शन फंडासाठी, थिएटर वाचवायला. तिकिटं महाग लावायची, बाजूला खरे दिग्गज वादक बसवायचे, मध्ये हा टेलकोट घालून अगदी गंभीर. लाखो डॉलर जमले त्यातून आणि याने स्वतः एक पैसा घेतला नाही. स्वतःचं स्ट्रॅडिव्हेरियस व्हायोलिन लॉस एंजेलिसच्या ऑर्केस्ट्राला देऊन टाकलं. टिप द्यायला पण सढळ, कारण कमी दिली तर लोक म्हणणार बघा खरंच तसा आहे! त्यामुळे फोटोओळ दुरुस्त करा हो, आणि वाटलं तर चुकीची दुरुस्ती म्हणून छापा.

२६ डिसेंबर १९७४ ला तो गेला, ऐंशी वर्षांचा होऊन, कॅन्सरने. अंत्यविधीला त्याचा जन्माचा दोस्त जॉर्ज बर्न्स बोलायला उभा राहिला आणि त्याला बोलताच आलं नाही, बॉब होपने भाषण केलं, म्हणाला की टायमिंगच्या या बादशहाचं टायमिंग आयुष्यात एकदाच चुकलं, फार लवकर गेला. बायको मेरीला दुसऱ्या दिवसापासून रोज एक लाल गुलाब येत राहिला, ती १९८३ ला जाईपर्यंत, मृत्युपत्रात सोय करून ठेवली होती. आणि 'द सनशाइन बॉइज' नावाचा सिनेमा, दोन म्हाताऱ्या व्हॉडव्हिलवाल्यांची गोष्ट, त्यात बेनी काम करणार होता, ते काम बर्न्सकडे आलं, आणि त्याला ऐंशीव्या वर्षी ऑस्कर मिळालं.

बेनीचे शेकडो भाग नेटवर फुकट ऐकायला मिळतात, मी लोकलमध्ये ऐकतो. इंग्रजी समजायला पहिले दोन-तीन भाग जड जातात, मग सगळी माणसं ओळखीची झाली की धावायला लागतं, नव्या माणसाने १९४६ ते १९५० मधले ऐकावेत, पहिल्या वर्षांचे नकोत, ते अजून जोकवालेच आहेत.

शेवटी एक सुचवणी. तुमच्या त्याच लेखकाकडून फ्रेड अॅलनवर पण लिहून घ्या. बेनीपेक्षा हुशार होता असं त्या काळचे लोक म्हणायचे, पण तो त्या त्या आठवड्याच्या बातम्यांवर बोलायचा त्यामुळे आज निम्मं डोक्यावरून जातं, मलासुद्धा. त्याचा कार्यक्रम १९४९ ला बंद पडला तो समोरच्या चॅनेलवर फोन करून लोकांना बक्षिसं वाटणारा गाण्यांचा क्विझ शो लागायला लागला म्हणून, आणि आमच्या घरात रात्री साडेनऊला काय लागलेलं असतं ते सांगितलं तर तुम्हाला तो लेख ताजा वाटेल.

आपला,
पुरवणीचा जुना वाचक, डोंबिवली